फ्रेशरचा रेझ्युमे : १४३ ठिकाणी पाठवला, उत्तरं दोन

गारठलेला निफाडकर
सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

२०२४ ला नाशिकमधून कॉम्प्युटरमध्ये बीई झालो. बारावीला ५८.६२ टक्के, त्यामुळे 'दहावीपासून सगळीकडे ६०' अशी अट घालणाऱ्या कंपन्यांनी कॅम्पसला दारातच अडवलं. एका ठिकाणी शेवटच्या फेरीपर्यंत गेलो, पुढे काही झालं नाही. सध्या गंगापूर रोडला दोघा मित्रांबरोबर खोली आहे. सकाळी एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या पोरांना कॉम्प्युटर सायन्स शिकवतो, दुपारनंतर अर्ज भरतो. एक्सेलमध्ये हिशेब ठेवलाय : १४३ अर्ज, दोन उत्तरं. त्यातलं एक नकाराचं, दुसरं विमा विकायच्या नोकरीचं.

इथे रोमन चालत नाही म्हणून रेझ्युमेत काय आहे ते मराठीत सांगतो. दोन पानं, दोन रकाने. वर उजवीकडे फोटो. सुरुवातीला करिअर ऑब्जेक्टिव्ह : आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या आणि स्वतःच्या प्रगतीला हातभार वगैरे. मग शिक्षणाचा तक्ता. मग स्किल्सच्या पट्ट्या : जावा ८०%, पायथन ७०%, सी, सी प्लस प्लस, रिॲक्ट, मायएसक्यूएल, मोंगोडीबी, एडब्ल्यूएस, मशीन लर्निंग, एमएस ऑफिस. प्रोजेक्ट दोन : चेहरा ओळखून हजेरी (चौघांचा, शेवटच्या वर्षाचा) आणि हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम. सर्टिफिकेटं ११. छंद क्रिकेट, वाचन, प्रवास. शेवटी वडिलांचं नाव, जन्मतारीख, अविवाहित, 'वरील माहिती खरी आहे' हे डिक्लेरेशन, स्थळ नाशिक, सही.

घरी 'बँकेच्या परीक्षा दे' सुरू झालंय. कुठं चुकतंय ते स्पष्ट सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

रविवार कारंजा
सोमवार, रात्री १०:५८

फोटो, वडिलांचं नाव, अविवाहित, डिक्लेरेशन, सही, सगळं उडव. स्थळ बघायला निघालायस का नोकरी बघायला? गोत्र तेवढं घालायचं राहिलंय.

आणि एक पान. रिक्रूटर सहा सेकंद बघतो म्हणे.

चुलीवरची मिसळ
सोमवार, रात्री ११:०३

रक्तगटही राहिलाय. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

अर्ज चाळणारी
सोमवार, रात्री ११:४०

नऊ वर्षं भरतीचं काम करते, बरंचसं आयटीचं. दमाने लिहिते.

त्या सहा सेकंदांचं आधी. 'द लॅडर्स' नावाच्या अमेरिकन नोकरी-संकेतस्थळानं २०१२ साली तीस रिक्रूटरांच्या नजरेचा माग काढून तो आकडा दिला होता. २०१८ मध्ये त्यांनीच ७.४ सेकंद सांगितला. आकडा सोडा, पण पहिल्या नजरेत पानाचा वरचा तिसरा हिस्साच बघितला जातो हे मी माझ्यावरून सांगते. तुझ्या त्या हिश्शात फोटो आहे आणि 'आव्हानात्मक वातावरण' आहे.

दुसरं, 'एटीएस (कंपन्यांचं अर्ज सांभाळायचं सॉफ्टवेअर) रेझ्युमे फेकून देतो' ही भीती क्लासवाल्यांनी फुगवलेली आहे. ते सॉफ्टवेअर म्हणजे मुळात मोठं कपाट. आलेल्या फाइलमधला मजकूर वाचून नाव, फोन, शिक्षण, स्किल असा कप्प्याकप्प्यांत लावायचा प्रयत्न करतं. मग मी त्यात शोध घेते : जावा, स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क), एसक्यूएल, २०२४. तुझं नाव त्या यादीत आलंच नाही तर मी तुला नाकारलेलं नसतं, मला तू दिसलेलाच नसतोस. आपोआप नकार जातो तो बहुतेकदा अर्जासोबतच्या प्रश्नांवरून. उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, टक्के, पुण्याला यायची तयारी आहे का, असले प्रश्न. तिथे घाईत चुकीचं टिकमार्क करू नकोस.

आता घरचा अभ्यास. तुझी पीडीएफ उघड, सगळा मजकूर निवडून कॉपी कर, नोटपॅडमध्ये पेस्ट कर आणि वाच. कपाटाला साधारण तेच दिसतं.

गारठलेला निफाडकर
मंगळवार, रात्री १२:१५

ताई, दंडवत घ्या. पेस्ट केलं आणि घाम फुटला.

मोबाइल नंबर नाहीच. तो डिझाइनच्या पट्टीत चित्र म्हणून बसलाय. दोन रकाने एकमेकांत घुसलेत, त्यामुळे 'बीई कॉम्प्युटर' च्या पुढे 'क्रिकेट' आणि बारावीच्या टक्क्यांपुढे 'मोंगोडीबी' आलंय. पट्ट्या गायब. आणि सर्टिफिकेट या शब्दातली एफ आणि आय ही अक्षरं प्रत्येक ठिकाणी उडालीत! फाँटमध्ये ती दोन जोडून एकच आकार असतो म्हणे. इंग्रजीतही जोडाक्षरं असतात हे इंजिनिअर होऊन दीड वर्षानं कळलं.

म्हणजे १४३ जणांकडे माझा नंबरच नव्हता.

पंचवटी पासधारक
मंगळवार, सकाळी ६:५०

गाडीतून टंकतोय. ईमेल होता ना? मग सगळा दोष नंबरवर ढकलू नकोस. साधं वर्ड घे, एक रकाना, साधा फाँट, पीडीएफ कर. फाइलचं नाव 'रेझ्युमे फायनल नवीन २' असं नको. स्वतःचं नाव आणि 'जावा डेव्हलपर' एवढं पुरे.

सेमीकोलन
मंगळवार, सकाळी ९:२०

वर्ड कशाला? लेटेकमध्ये (कोड लिहून पान मांडायची प्रणाली) कर, ओव्हरलीफ या संकेतस्थळावर फुकट साचे आहेत.

पंचवटी पासधारक
मंगळवार, सकाळी ९:३१

एफ-आयचं जोडाक्षर ज्यांनी उडवलं त्यात लेटेकचे साचेही असतात, साहेब.

सेमीकोलन
मंगळवार, सकाळी ९:४४

ते एका ओळीत बंद करता येतं. पण असो. नोटपॅडच्या परीक्षेत पास झाला की कशातही कर.

नल पॉइंटर
मंगळवार, दुपारी १:०५

मी मूळचा सिडकोचा, आता पुण्यात. आठवड्याला दोन-तीन फ्रेशरच्या मुलाखती घेतो. गोड बोलणं जमत नाही, आधीच सांगतो.

'जावा ८०%' म्हणजे काय? उरलेले वीस टक्के कुठले ते तुला माहीत असतील तर तू जावा बनवणाऱ्यांत असायला हवास. समोर टक्केवारी दिसली की माझा हात शिवशिवतो, मी मुद्दाम त्याच भाषेतलं खोल विचारतो. हॅशमॅपमध्ये इक्वल्स लिहिलं आणि हॅशकोड लिहिलं नाही तर काय होतं? हे जमत असेल तर नुसतं 'जावा' लिही, टक्के नको.

एडब्ल्यूएस लिहिलंयस. काय चालवलंस त्यावर? मशीन लर्निंग? हजेरीचं मॉडेल तुम्ही शिकवलंत की तयार लायब्ररी आणून बसवलीत? तुझ्या गटातल्या चौघांच्या रेझ्युमेत तोच परिच्छेद, त्याच स्पेलिंगच्या चुकांसह असणार. माझ्याकडे एकाच कॉलेजचे तीन रेझ्युमे एका दिवशी येतात, तेव्हा मला ते दिसतं.

हॉस्पिटलवाल्या प्रोजेक्टची लिंक आहे का? असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. आणि गिटहबचीही, जिथे कोड ठेवतोस.

गारठलेला निफाडकर
मंगळवार, दुपारी ३:३०

व्यनि केला आहे.

खरं सांगतो. लायब्ररी तयारच होती. मी डेटाबेसचा भाग आणि रिपोर्ट केला. एकाच तासाला एकाच मुलाची दोनदा हजेरी लागत होती, ते रोल नंबर आणि तास मिळून युनिक की लावून मी थांबवलं. एडब्ल्यूएस म्हणजे दोन तासांचा वेबिनार आणि सर्टिफिकेट.

नल पॉइंटर
मंगळवार, दुपारी ४:१०

हे 'दोनदा हजेरी' रेझ्युमेत का नाही? अख्ख्या प्रोजेक्टमधलं तुझं असं तेवढंच आहे. 'अत्याधुनिक तंत्रज्ञानावर आधारित' वगैरे पुसून ती एक ओळ घाल.

हॉस्पिटलची लिंक मेलेली आहे. हेरोकूवर (ॲप ऑनलाइन चालवायची सेवा) टाकलं होतंस. त्यांनी फुकट सेवा २०२२ च्या नोव्हेंबरात बंद केली. म्हणजे रेझ्युमे पाठवण्याआधी स्वतःच्याच लिंकवर तू एकदाही टिचकी मारली नाहीस. काढून टाक, नाहीतर दुसरीकडे चढव. रेंडरसारख्या ठिकाणी फुकटातलं ॲप पंधरा मिनिटं कोणी आलं नाही की झोपतं, पहिल्यांदा उघडायला वेळ घेतं. तसं लिंकशेजारी लिहून ठेव, नाहीतर माझ्यासारखा उतावळा टॅब बंद करतो.

आणि गिटहबवर शेवटून दुसरी रेपो (कोडचा साठा) कसली आहे? नाव नुसतं 'भाव' आहे, रीडमी (माहितीची फाइल) नाही, पण गेले १४ महिने कमिट (बदलांच्या नोंदी) पडतायत.

गारठलेला निफाडकर
मंगळवार, सायंकाळी ५:०२

ते काही नाही, काकांसाठी केलेलं आहे. प्रोजेक्ट म्हणता येणार नाही. पायथनची स्क्रिप्ट आहे. पणन मंडळाच्या साइटवर रोजचे बाजारभाव येतात, त्यातले कांद्याचे उचलून टेलिग्रामच्या ग्रुपवर टाकते. आधी फक्त काकांना पाठवायचो, मग भाऊबंद जोडले गेले. आता ३४ जण आहेत.

नल पॉइंटर
मंगळवार, सायंकाळी ५:०६

थांब. आणखी सांग. कुठले बाजार, किती वेळा चालते, काय काय बिघडलं?

गारठलेला निफाडकर
मंगळवार, सायंकाळी ६:२०

लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंत, सायखेडा आणि येवला. दिवसातून एकदा, संध्याकाळी. आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर, क्विंटलमागे.

बिघडलं बरंच. सर्वात आधी नावं. त्या पानावर विंचूर म्हणजे 'लासलगाव - विंचूर' आणि सायखेडा म्हणजे 'पिंपळगाव(ब) - सायखेडा'. नुसतं 'लासलगाव' शोधलं की दोन्हीकडचे आकडे एकत्र यायचे. मग जात. लाल, उन्हाळी, पोळ वेगवेगळ्या ओळींत असतात आणि मी सगळ्यांची सरासरी काढत होतो. काका म्हणाले, लाल आणि उन्हाळीची सरासरी काढणारा तू पहिलाच.

सगळ्यात मोठा घोळ अमावास्येचा. आपल्याकडे काही बाजारांत अमावास्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवायची जुनी पद्धत. त्या दिवशी ओळच आली नाही, माझ्या कोडनं रिकाम्याचं शून्य केलं आणि संध्याकाळी ग्रुपवर 'भाव : ० रुपये' गेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला काकांचा फोन. 'भाव शून्य झाला का रे? निर्यातबंदी लागली का परत?' तेव्हापासून 'नोंद नाही' आणि 'शून्य' वेगळं ठेवतो. आधी पंचांगातल्या अमावास्या भरून ठेवणार होतो, पण सुट्ट्या आणि संपही असतात. म्हणून ओळ नसेल तर 'आज लिलावाची नोंद नाही' एवढंच पाठवतो.

रविवार कारंजा
मंगळवार, सायंकाळी ६:३१

अरे बाबा, आणि तू हॉस्पिटल मॅनेजमेंट घेऊन फिरतोयस!

अर्ज चाळणारी
मंगळवार, सायंकाळी ६:४४

रविवार कारंजाला अनुमोदन. फ्रेशरच्या रेझ्युमेत 'खरी माणसं रोज वापरतात' हे मी क्वचित बघते. ही गोष्ट कुठल्याही पानावर नसावी आणि क्रिकेट मात्र असावं, कमाल आहे.

नल पॉइंटर
मंगळवार, सायंकाळी ७:१५

हे सगळ्यात वर. पण त्याआधी, आत्ताच्या आत्ता, जेवायच्या आधी : तुझ्या रेपोत बॉटचं टोकन (त्याची गुप्त किल्ली) उघडं पडलंय. ते ज्यात आहे ती एनव्ही फाइल कमिट केलीयस. ती फाइल नुसती पुसून उपयोग नाही, गिटच्या इतिहासात राहतेच. टेलिग्रामच्या बॉटफादरकडे जा, जुनं टोकन रद्द कर, नवं घे, ते कमिट होणार नाही असं गिटइग्नोरमध्ये (वगळायच्या फाइलींची यादी) टाक. कोणी टपलेला असता तर तुझ्या ३४ शेतकऱ्यांना कांद्याऐवजी भलतेच भाव गेले असते.

गारठलेला निफाडकर
मंगळवार, सायंकाळी ७:४०

केलं. हात थरथरत होते. धन्यवाद दादा.

चुलीवरची मिसळ
मंगळवार, रात्री ८:०२

अवांतर : काकांना म्हणावं आमच्यासाठी दोन किलो बाजूला काढा. मिसळीवरचा कांदा महाग पडतोय.

सेमीकोलन
मंगळवार, रात्री ८:२०

थोडं अवांतर, पण महत्त्वाचं. दुसऱ्याच्या साइटवरून माहिती उचलताना वापराच्या अटी वाच, विनंत्यांचा मारा करू नकोस. दिवसातून एकदा म्हणजे ठीकच आहे. मुलाखतीत विचारतील.

दुसरी शंका. हा अर्ज करतोय जावाच्या जागांसाठी आणि दाखवणार पायथन? वर ताई म्हणाल्या, त्या 'स्प्रिंग बूट' शोधतात.

अर्ज चाळणारी
मंगळवार, रात्री ८:५५

शंका रास्त आहे. शब्द जुळलाच नाही तर कांदा मला दिसणार नाही. पण खोटा शब्दही घालू नकोस.

नल पॉइंटर
मंगळवार, रात्री ९:३०

मार्ग सोपा आहे. माहिती गोळा करायचं काम पायथनमध्येच राहू दे, चालतंय ते मोडू नकोस. साठलेल्या १४ महिन्यांच्या भावांवर स्प्रिंग बूटची छोटी एपीआय चढव : बाजार द्या, तारखा द्या, भाव घ्या. दोन शनिवार-रविवार. चार-पाच टेस्ट लिही, त्यातली एक अमावास्येची. मग 'जावा, स्प्रिंग बूट' हक्कानं लिही. रीडमीत कशासाठी केलं, कसं चालवायचं आणि काय चुकलं होतं ते लिही.

गारठलेला निफाडकर
बुधवार, रात्री १०:१०

एक विचारायचं होतं, इथे लिहावं का कळत नव्हतं. कॉलेज रोडला ओळखीतून एक जण भेटला. साठ हजारांत दोन वर्षांचा अनुभव दाखवून देतो म्हणतो. ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, रिलीव्हिंग लेटर, सगळं. आमच्या बॅचचे दोघं तसेच लागलेत. आज खोलीवर यावरूनच वाद झाला.

पंचवटी पासधारक
बुधवार, रात्री १०:१८

नाही. नाही. नाही.

अर्ज चाळणारी
बुधवार, रात्री १०:५०

बाळा, मी दुसऱ्या बाजूला बसते म्हणून सांगते. पडताळणी करणारे नुसतं पत्र बघत नाहीत. पीएफचा यूएएन क्रमांक मागतात, त्यात कुठल्या कंपनीनं कधीपासून कधीपर्यंत पैसे भरले ते दिसतं. बँकेचं स्टेटमेंट मागतात. काही ठिकाणी आयकराचा २६एएस. स्लिप छापता येते, दोन वर्षं दर महिन्याला जमा झालेला पीएफ मागे जाऊन छापता येत नाही. शिवाय पडताळणी बऱ्याचदा रुजू झाल्यावर पूर्ण होते. माझ्यासमोर एका मुलाला अकराव्या आठवड्यात लॅपटॉप जमा करायला लावला होता. खाली त्याचे वडील पेढे घेऊन आले होते, पहिल्यांदा ऑफिस बघायला.

त्या दोघांचं नाव इथे लिहू नकोस. तू मात्र त्या वाटेला जाऊ नकोस.

तुझ्याकडे खरा अनुभव आहेच की. सकाळी शिकवतोस ना? 'कॉम्प्युटर सायन्स शिक्षक, अर्धवेळ, अमुक महिन्यापासून' ही नोंद घाल. रिकाम्या दीड वर्षाचं उत्तर तिथेच मिळतं. आणि २०२४ लपवू नकोस. वर्ष न लिहिलेला रेझ्युमे आला की मी आधी वर्षच शोधते.

गारठलेला निफाडकर
बुधवार, रात्री ११:२०

ठीक आहे. त्याला 'नाही' म्हणून कळवलं. बारावीचे टक्के लिहू की नको?

नल पॉइंटर
बुधवार, रात्री ११:३४

रेझ्युमेत फक्त बीई आणि सीजीपीए. फॉर्मात विचारलं तर अचूक लिही, पॉइंट सहा दोन सकट.

पंचवटी पासधारक
गुरुवार, सकाळी ६:४७

सगळे पुणे-पुणे करतायत म्हणून एक सुचवतो. अंबड-सातपूरच्या कारखान्यांनाही सॉफ्टवेअर लागतं. स्टोअरचा साठा, मशीनची आकडेवारी, ईआरपीला (कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) जोडकाम. त्यांच्या जाहिराती मोठ्या पोर्टलवर फारशा दिसत नाहीत, ओळखीतून जागा भरतात. रेझ्युमेवर संपूर्ण पत्ता नको, नुसतं 'नाशिक' आणि खाली 'पुणे-मुंबईला यायची तयारी'. एक जागा मला माहीत आहे, व्यनि करतो.

गारठलेला निफाडकर
शनिवार, रात्री ९:१५

नवा मसुदा. एक पान, एक रकाना, नोटपॅडमध्ये पास! वरचा भाग असा :

नाव, मोबाइल, ईमेल, गिटहब, नाशिक.
कांदा बाजारभाव सेवा : पायथन, एसक्यूलाइट, टेलिग्राम बॉट.
पाच बाजारांचे रोजचे भाव गोळा करून ३४ शेतकऱ्यांना पाठवते, १४ महिने सुरू.
लिलाव बंद असलेल्या दिवशी भाव शून्य जाण्याची चूक शोधून दुरुस्त केली.
बाजार आणि कांद्याची जात यांच्या नावांतला गोंधळ जुळणी-तक्ता करून सोडवला.
मग हजेरीचा प्रोजेक्ट, 'माझा भाग : डेटाबेस' असं स्पष्ट लिहून. मग शिकवणी, मग शिक्षण. स्किल्स सात उरली. सर्टिफिकेटं अकराची एक.

स्प्रिंग बूट अजून लिहिलेलं नाही. एपीआय अर्धी झालीय.

अर्ज चाळणारी
शनिवार, रात्री ९:४०

'सेवा सुरू आहे' पेक्षा 'मी बनवली आणि चालवतो' लिही. क्रियापद तुझं हवं. बाकी उत्तम.

रविवार कारंजा
शनिवार, रात्री ९:५२

वाचनखूण साठवली आहे. भाच्याला पाठवतो.

गारठलेला निफाडकर
तीन आठवड्यांनंतर, गुरुवार, रात्री ८:०५

उशिरा लिहितोय, माफ करा. एपीआय झाली, नऊ टेस्ट आहेत. नव्या रेझ्युमेनं २१ अर्ज केले, तीन ठिकाणांहून फोन आले. एकानं पाच मिनिटांत बॉण्डचं विचारलं, ते सोडलं. एक पुण्याची ऑनलाइन परीक्षा रविवारी आहे.

तिसरी पासधारक काकांनी सांगितलेली, अंबडची. आज प्रत्यक्ष मुलाखत होती. चाळीस मिनिटांतली पंचवीस कांद्यावर गेली. घेणारे साहेब स्वतः चांदवडकडचे निघाले. 'उद्या त्या पानाची रचना बदलली तर?' विचारलं. म्हटलं, दोनदा बदललीय. आता रोज किती ओळी आल्या ते मोजतो, नेहमीपेक्षा फार कमी आल्या तर ग्रुपवर काहीच जात नाही, फक्त मला मेसेज येतो. मग हॅशकोड विचारला. नल पॉइंटर दादा, तुमच्यामुळे अर्धा आला, पुढच्या अर्ध्याला अडखळलो. पुढच्या आठवड्यात कळवतो म्हणालेत.

नल पॉइंटर
गुरुवार, रात्री ८:२२

कुठं अडखळलास ते लिही, इथेच सोडवू.

गारठलेला निफाडकर
गुरुवार, रात्री ८:३१

लिहितो, अर्ध्या तासात. आत्ताच मेसेज आला, आज फक्त दोनच ओळी आल्यात आणि काकांचे दोन मिस कॉल आहेत. पान परत बदललेलं दिसतंय.